जुनी ३२०डी, शिरोली ते चाकण आणि ॲव्हरेजचं गणित

उसाचं_पाचट

मंडळी नमस्कार.

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. गिऱ्हाईक बहुतेक चाकणचं, त्यामुळे आठवड्यातून एकदा, कधी दोनदा कोल्हापूर–चाकण–कोल्हापूर होतं. जाऊन-येऊन पाचशेच्या वर जातं. सध्याची डिझेल हॅचबॅक इमानदार आहे, तक्रार काही नाही. पण परत येताना कराड ओलांडलं की पाठ बोलायला लागते.

बजेट १५ ते १७ लाख. एवढ्यात नवीन कॉम्पॅक्ट एसयूव्ही येते, ती नको. उंच गाडीत शंभरच्या वर माझा जीव रमत नाही. मनात आहे २०१६ नंतरची बीएमडब्ल्यू ३२०डी. पुण्यात एक बघून ठेवलीय, एमएच १२ पासिंग, एकच मालक, रनिंग ७० हजारांच्या आत.

घरी आणि सीएकडे, दोन्हीकडे मी ती 'ॲव्हरेज भारी देते' या एकाच मुद्द्यावर खपवतोय. कंपनीचा आकडा लिटरला २२.६९ आहे. खरंच किती देते? टायमिंग चेनची (इंजिनातले भाग एका ताळमेळात फिरवणारी साखळी) काहीतरी भानगड ऐकली, ती या मॉडेलला आहे का? मर्सिडीजची सी-क्लास किंवा ऑडीची ए४ डिझेल याच पैशात मिळत असेल तर ती बघू का? आणि आबा (वय ७४, गुडघे) मागच्या सीटवर बसू-उठू शकतील का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

---

कंदी_पेढा

इनोव्हा घ्या. धागा संपला.

---

उसाचं_पाचट

@कंदी_पेढा, आहे घरात एक. ती आबांची. तिला हात लावला तर मी घराबाहेर.

---

सई_मेणवली

माझ्याकडे हीच आहे. २०१६ची, बी४७ इंजिन, १९० अश्वशक्ती, ४०० न्यूटनमीटर टॉर्क (ओढण्याचा जोर). ड्रायव्हर नाही, स्वतः चालवते. वाई–पुणे–मुंबई हा नेहमीचा रस्ता.

ॲव्हरेज सांगते. हायवेला ९०–१००वर क्रूझ लावून गेलं तर टाकी ते टाकी १९–२०. ११०–१२०ला १७च्या आसपास. सिंहगड रोडला संध्याकाळी सहानंतर ११–१२, आणि त्यात गाडीचा काही दोष नाही. डॅशबोर्डवरचा आकडा पंपावरच्या हिशोबापेक्षा थोडा गोड असतो, त्यामुळे विकणारा स्क्रीनचा फोटो पाठवेल तर त्यावर जाऊ नका.

टाकी ५७ लिटरची आहे. हायवेला हजार किलोमीटरच्या जवळ जाते. म्हणजे तुमचं चाकण जाऊन-येऊन आणि पुन्हा चाकण, मध्ये पंप नाही. मला पैशांपेक्षा हे जास्त आवडतं. शंभरला आठव्या गिअरमध्ये इंजिन दीड हजार आरपीएमच्या आसपास फिरतं, आवाज येतो तो टायरचा. थंड असताना बोनेटजवळ उभं राहिलात तर डिझेलची टकटक ऐकू येईल, आत बसलं की विसरायला होतं.

आता आबा. सीट खालची आहे. मागचं दार उघडलं की आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे, उठताना उलटं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना त्रास होतो, माझ्या सासूबाई पुढेच बसतात. मागे मधल्या माणसाला बोगद्यावर पाय फाकून बसावं लागतं, कारण गाडी मागच्या चाकांवर चालते आणि शाफ्ट मधून जातो. चौघांची गाडी आहे ही.

---

पौड_फाटा

२२.६९ बद्दल थोडं. वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना एआरएआय (गाड्या तपासणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) माहीत असेलच, आम्ही तर टेकडीलाच 'एआरएआय टेकडी' म्हणतो. १९६६ पासूनची संस्था. ॲव्हरेजचे हे सरकारी आकडे अशा प्रयोगशाळेत निघतात आणि तिथे गाडी रस्त्यावर जात नाही. रोलरवर उभी राहून चाकं फिरवते. वेग कधी वाढवायचा, कधी उतरवायचा, किती सेकंद थांबायचं, सगळं ठरलेलं. त्या चक्रात वरचा वेग ९०, एसी बंद. खंबाटकी नाही, आणेवाडी टोलची रांग नाही, मागे बसून 'एसी वाढव' म्हणणारं कोणी नाही.

म्हणून हा आकडा खोटा नाही, पण तुमच्या रस्त्याचाही नाही. दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, महिन्याचं बजेट ठरवायला नको.

---

नटबोल्ट

सईताईंनी दिलेले आकडे मला पटतात. दीड टनाच्या आसपासची, साडेसात-आठ सेकंदांत शंभर गाठणारी गाडी १९–२० देते, यामागे काय आहे ते लिहितो. कंटाळा आला तर पुढे जा.

डिझेलला मुळातच दोन फायदे. एक, पेट्रोल इंजिन हवेचा रस्ता अडवून ताकद कमी-जास्त करतं; डिझेल हवा मोकळी घेतं आणि फक्त इंधन मोजून टाकतं, त्यामुळे अर्ध्या ताकदीवर चालताना श्वास घ्यायला मेहनत पडत नाही. हायवेला शंभरनं जाताना इंजिन अर्ध्यापेक्षाही कमी ताकदीवर असतं, म्हणून फरक तिथे दिसतो. दोन, एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. 'डिझेल जास्त देतं' यातला हा भाग निव्वळ लिटरनं मोजण्यामुळे आहे. किलोनं विकलं असतं तर एवढा दिसला नसता.

पण हे सगळ्या डिझेलना लागू आहे. ३२०डीची खासियत वेगळी. २०१० च्या आसपास युरोपात 'इफिशियंट डायनॅमिक्स' म्हणून एक आवृत्ती निघाली. तेच दोन लिटरचं इंजिन, पण १६३ अश्वशक्तीवर आणलेलं. फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचा शेवटचा गिअर) लांब केलेला, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरणार, गाडी थोडी खाली, चाकं हवा कापतील अशी, टायर कमी घर्षणाचे. लांब गिअरिंगची अडचण अशी की चार सिलिंडरचं डिझेल हजार-बाराशे आरपीएमवर ओढायला लागलं की सगळी गाडी घुमते, आणि मग ड्रायव्हर कंटाळून खालचा गिअर टाकतो. त्यावर उपाय म्हणून फ्लायव्हीलमध्ये (इंजिनला जोडलेलं जड चाक) छोटी लंबकाची वजनं बसवली. इंजिनचा धक्का आला की वजनं उलट बाजूला झुलतात आणि तो धक्का गिअरबॉक्सपर्यंत जातच नाही. मग ड्रायव्हर कमी आरपीएमवर खुशाल राहतो. ॲव्हरेज वाढवण्याचा हा उपाय मला फार आवडतो, कारण तो इंजिनपेक्षा माणसाच्या सवयीवर केलेला आहे.

कंपनीचा आकडा होता १०० किलोमीटरला ४.१ लिटर, म्हणजे लिटरला २४ च्या वर. कार्बन डायऑक्साइड १०९ ग्रॅम प्रति किलोमीटर. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, ४.१ नं गुणा, शंभरनं भागा, १०९ येतंच. यात धूर-बीर वेगळा मोजलेला नाही, हा निव्वळ इंधनाचा हिशोब आहे.

---

रेडिंगकर

@नटबोल्ट, त्या १०९ मागे इथल्या इंग्लंडच्या टॅक्सवाल्यांचा हात मोठा आहे.

इथे कंपनीनं दिलेल्या गाडीवर कर्मचाऱ्याला टॅक्स लागतो, आणि एप्रिल २००२ पासून तो गाडीच्या कार्बनच्या आकड्यावर ठरतो. जितके ग्रॅम कमी तितका पगारातून कट कमी. शिवाय त्या वेळी ११० ग्रॅमच्या आत असलेल्या गाडीला वर्षाचा रोड टॅक्स फक्त २० पाउंड होता. त्यामुळे बीएमडब्ल्यूचा बिल्ला पण टॅक्स छोट्या हॅचबॅकचा, असा सौदा जमला. मी आलो तेव्हा ऑफिसच्या पार्किंगमध्ये काळ्या-करड्या ३२०डींची रांग असायची आणि त्यातल्या कितीतरी जणांना गाड्यांमध्ये काडीचा रस नव्हता. एचआरच्या यादीत टॅक्सच्या रकान्यात सगळ्यात कमी आकडा हिचा, बस.

पुढे वारं फिरलं. लंडनमध्ये एप्रिल २०१९ पासून युलेझ (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना पैसे भरायला लावणारा झोन) आला, ऑगस्ट २०२३ मध्ये तो लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (प्रभागांमध्ये) पसरला. युरो ६ या प्रदूषण-नियमात न बसणारं डिझेल आत आणलं की दिवसाला साडेबारा पाउंड. कालची टॅक्स वाचवणारी गाडी लंडनवाल्यांना एका रात्रीत नकोशी झाली. कार्बन कमी म्हणून ज्यांनी घेतली त्यांना नायट्रोजन ऑक्साइडसाठी दंड. सरकारनं आधी एक वायू मोजला, मग दुसरा.

---

हिशोबनीस

रेडिंगकरांचा मुद्दा इथेही लागू आहे, फक्त आपल्याकडे टॅक्सच्या जागी सबसिडी होती.

२०१२ मध्ये दिल्लीत डिझेल ४१ रुपयांच्या आसपास आणि पेट्रोल ६८ च्या आसपास होतं. ३० लाखांची गाडी घेणारा माणूससुद्धा शेतकऱ्यासाठी स्वस्त ठेवलेल्या डिझेलवर फिरत होता आणि डीलर त्याला तेच गणित मांडून दाखवत होता. जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला ५० पैशांनी वाढायला लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं भाव पूर्ण मोकळा केला. २०२५ मध्ये पुण्यात डिझेल ९० च्या आसपास होतं, पेट्रोल १०४ च्या. फरक उरला १४ रुपये.

पाचटभाऊ, मी तुमचा सीए नाही, पण असतो तर हे मांडलं असतं. वर्षाला २० हजार किलोमीटर धरा. ३२०डी सगळं मिळून १६ देते असं धरू. १२५० लिटर, १ लाख १२ हजार. हीच गाडी पेट्रोलमध्ये, ११ देते असं धरू. १८०० लिटरच्या थोडं वर, १ लाख ८९ हजार. बचत साधारण ७६ हजार. छान.

आता रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे). एकेक २० हजारांच्या पुढे, चार घ्यायचे. एका सेटमध्ये वर्षाची बचत संपली. वर ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, विमा. आणि तुम्ही तुलना पेट्रोल बीएमडब्ल्यूशी करत नाही आहात, तुमच्या डिझेल हॅचबॅकशी करताय. ती २० देत असणारच. म्हणजे इंधनात बचत शून्य आणि बाकी सगळा खर्च तिप्पट.

गाडी घेऊ नका असं म्हणत नाही. पण ॲव्हरेजच्या नावावर सीएला खपवू नका, तो हसेल. पाठीच्या नावावर घ्या, पाठीला घसारा लागत नाही.

---

कंदी_पेढा

बघा. इनोव्हा.

---

उसाचं_पाचट

@हिशोबनीस, सीए सोमवारी हसलाच. जवळपास हेच बोलला.

---

करवीर_काठ

भावा, एवढं डोकं कशाला लावतोस. दिल्लीची घे की. हीच गाडी तिकडं तीन-चार लाखांनी स्वस्त मिळाय लागलीय. ट्रेननं जायचं, चालवत यायचं. लै जण आणाय लागलेत.

---

पौड_फाटा

स्वस्त का मिळते ते पण सांगा की राव. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ मध्ये हरित लवादानं बंदी घातली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली. नंतर त्यावर बरंच वर-खाली झालं, पण बाजारातली भीती काही गेली नाही. म्हणून २०१६ची गाडी तिकडे आत्ताच काढून टाकतात.

आपल्याकडे आणायची तर तिकडची एनओसी, मग इथे नवीन नोंदणी आणि रोड टॅक्स. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला नवी असताना १५ टक्के लागतो. जुनीला वयानुसार कमी, पण कमी म्हणजे माफ नाही. एजंट, ट्रान्सपोर्ट, मुक्काम धरला तर तीन लाखांतले निम्मे वाटेतच जातात. आणि मीटर मागे घेतलेला आहे की नाही हे तुम्ही परक्या गावात एका दुपारी कसं ओळखणार? पुण्याच्या गाडीचा मालक निदान फोन उचलेल.

---

नटबोल्ट

दिल्लीचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. डिसेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीत २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. सी-क्लासचं तेव्हाचं डिझेल २१४३ सीसी. अडकलं. ३२०डी १९९५ सीसी. सुटली! पाच सीसीनं. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का सेस लावून बंदी उठली. प्रदूषण सीसीवर मोजायचं ही कल्पना कुणाची होती देव जाणे.

आता चेन. घोटाळा असा होतो की लोक 'बीएमडब्ल्यू डिझेलची चेन जाते' असं सरसकट बोलतात. ज्याबद्दल जगभर बोंब झाली ते एन४७ इंजिन, २००७ मध्ये आलेलं, आणि त्यातही २०११ पर्यंतची वर्षं. टायमिंग चेन झिजते, ढिली पडते, तुटली तर इंजिन गेलं. त्यात ती बसवली आहे इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे. म्हणजे चेन स्वस्त आणि तिच्यापर्यंत पोचणं महाग. गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवल्याशिवाय हात जात नाही. लक्षण एकच, थंड इंजिन सुरू केल्यावर मागच्या बाजूनं खरखर, आणि दीड हजार आरपीएमच्या आसपास ती वाढते.

जानेवारी २०१६ मध्ये भारतात जी सुधारित ३-सिरीज आली तिच्यात बी४७ आहे. चेन तिथेही मागेच, पण त्या तक्रारीचं प्रमाण तसं नाही. काळजी घ्यायची ती एका गोष्टीची. २०१६ मध्ये नोंदवलेली पण २०१५ मध्ये बनलेली गाडी जुन्या इंजिनची असू शकते. जुन्याला १८४ अश्वशक्ती, नव्याला १९०. विकणाऱ्याच्या जाहिरातीवर जाऊ नका, इंजिनवरचा कोड बघा, बी४७ नं सुरू होतो की एन४७ नं.

दुसरं, ईजीआर कूलर. २०१८च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या पेट घ्यायला लागल्या, चाळीसच्या आसपास जळल्या. कारण सापडलं ते असं: सायलेन्सरकडे जाणारा धूर थोडा परत इंजिनात फिरवतात, तो थंड करणारा कूलर आतून गळायचा, कुलंटमधलं ग्लायकॉल काजळीत मुरायचं आणि गरम धुरानं ते मिश्रण पेटायचं. तिथे लाखभर गाड्या परत बोलावल्या, ऑक्टोबरपर्यंत जगभरात १६ लाखांवर. तुमच्या गाडीचा चॅसी नंबर कंपनीच्या वर्कशॉपला द्या आणि कॅम्पेन (त्या परत बोलावणीचं काम) बाकी आहे का ते लेखी घ्या. फुकट होतं. आणि बघायला जाल तेव्हा कुलंटची पातळी बघा. कुठे गळती दिसत नाही आणि पातळी खाली आहे, तर प्रश्न विचारा.

---

सई_मेणवली

@नटबोल्ट, गिअरबॉक्स ऑइलचं सांगायचं राहिलं. मला वर्कशॉपमध्ये 'लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं' असं ठासून सांगितलं होतं.

---

नटबोल्ट

कुणाचं लाइफटाइम ते विचारायचं. गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, आठ गिअरचा आहे आणि झेडएफ स्वतः ८० हजार ते सव्वा लाख किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. प्लास्टिकचा पॅन असतो, फिल्टर त्याच्या आतच, त्यामुळे पॅनसकट बदलावा लागतो. भरताना ऑइलचं तापमान बघून पातळी ठरवायची असते. 'या, अर्ध्या तासात करून देतो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

---

शेंद्रा_शिफ्ट

सी-क्लास आणि ए४ चं कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. छत्रपती संभाजीनगरचा आहे, ऑडी आणि स्कोडा आमच्या शेंद्र्यात जुळतात, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला.

ए४ ३५ टीडीआय २०१७ मध्ये आली. तीही १९० अश्वशक्ती, ४०० न्यूटनमीटर. पण पुढच्या चाकांवर चालते आणि टायमिंगला चेन नाही, बेल्ट आहे. बेल्ट ठरलेल्या वेळी बदलायचाच, त्यात धाकधूक नाही. आतला फिनिश ३-सिरीजपेक्षा एक पायरी वर. चालवायला मात्र मजा बीएमडब्ल्यूला, हे आम्हालाही कबूल. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे कडक नियम) आल्यावर २०२० मध्ये ऑडीनं इथे डिझेल बंदच केलं.

सी-क्लास घ्यायची तर २०१८ च्या शेवटी आलेली सी२२०डी बघा. नवं १९५० सीसीचं इंजिन, १९४ अश्वशक्ती, जुन्या २१४३ सीसीवाल्यापेक्षा कितीतरी शांत. पण ती तुमच्या बजेटच्या वर जाईल. आणि बीएस-६ डिझेल म्हटलं की डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आलाच, ॲडब्लूची (नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारं द्रावण) वेगळी टाकी आली. बाय द वे, चाकणला जाता तर ती तुमच्या गिऱ्हाइकाच्या शेजारीच बनते. २००९ पासून मर्सिडीजचा कारखाना तिथेच आहे.

मागचं आठवलं. ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या शहरात दीडशेच्या आसपास मर्सिडीज एका दिवशी घेतल्या होत्या, ६५ कोटींचा सौदा. पेपरात फोटो, जर्मनीपर्यंत चर्चा. त्या दिवशी ॲव्हरेज कोणी विचारलं नसावं.

---

करवीर_काठ

@शेंद्रा_शिफ्ट, नाद खुळा! पण आमच्याकडं एकटा माणूस एक गाडी घेताना पंधरा दिवस धागा चालवतोय.

---

घाटवळण

मूळ धागाकर्त्याला एक विचारायचं होतं, शिरोलीतल्या शिरोलीत रोज किती चालणार? माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीची बीएस-६ डिझेल होती. बायको शाळेत, मी बँकेत, दोन्ही तीन-चार किलोमीटरवर. डीपीएफ काजळीनं भरला की गाडी ती जाळायला बघते, त्याला सहाशेच्या आसपास डिग्री लागते आणि पंधरा-वीस मिनिटं सलग वेग. आम्ही दर वेळी मधेच बंद करायचो. मग जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरायचं, दिवा लागायचा, वर्कशॉप म्हणायचं हायवेला फिरवून आणा. रविवारी सकाळी काही काम नसताना टोल भरून फिरायचं! शेवटी विकली, पेट्रोल घेतली.

---

उसाचं_पाचट

@घाटवळण, रोजच्या कामाला बुलेट आहे. गाडी हायवेलाच.

बाकी अपडेट देतो. काल गाडी बघितली. मालकाला आधीच सांगितलं होतं की आम्ही पोचेपर्यंत सुरू करू नका. बोनेटला हात लावला, थंड. सुरू केली, खरखर नाही, आपली डिझेलची टकटक. इंजिनवर बी४७. कुलंट बरोबर. टायर दोन नवे, दोन जुने आणि वेगळ्याच कंपनीचे. तिथे मी ७० हजार तोडायला सांगितलेत. डिकीत स्टेपनी बघितली आणि मग डिकी शोधायला लागलो.

बरोबर आबांना नेलं होतं. मागे बसले नाहीत, थेट पुढे बसले. चांदणी चौकातून बाहेर काढून थोडी पळवली. आबा काहीच बोलले नाहीत, फक्त सीट मागे-पुढे करायची बटणं दाबत राहिले. उतरताना माझा हात धरावा लागला. मग म्हणाले, "ऊस आपला, इथेनॉल आपलं, सगळ्या देशाच्या पेट्रोलात वीस टक्के घातलंय, आणि तू डिझेल घेतोस?" मला उत्तर सुचलं नाही.

एक चालवण्यातला प्रश्न. इको प्रोमध्ये (इंधन वाचवायचा मोड) पाय काढला की गाडी मोकळी सुटते, आरपीएम एकदम खाली. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत असं सोडलं तर चालेल का? ॲव्हरेजला चांगलं असणार.

---

सई_मेणवली

नाही! त्या उतारावर अजिबात नाही.

त्याला कोस्टिंग म्हणतात. साधारण ५० ते १६० च्या दरम्यान पाय काढला की गिअरबॉक्स इंजिनला सोडवतो. सपाट रस्त्यावर, पुढे टोल दिसायला लागला की मस्त आहे, गाडी दूरवर वाहत जाते. पण उतारावर इंजिनचा ब्रेकच राहत नाही. नवले पुलाच्या उतारावर ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात आणि मग काय होतं ते आपण दर वर्षी बघतोय. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकनं कितीतरी गाड्या घेतल्या होत्या. आपल्या गाडीत इंजिन चालू असतं, ब्रेक नीट लागतात, ट्रकइतका धोका नाही. पण मागून येणारा कोणत्या गिअरमध्ये आहे ते आपल्याला माहीत नसतं. तिथे मी गिअरचा दांडा डावीकडे ढकलून स्पोर्टला घेते, चौथा-पाचवा धरते आणि डावी लेन सोडत नाही. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिन तसंही डिझेल घेत नाही, त्यामुळे कोस्टिंगनं तिथे वाचतही काही नाही.

खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं एस वळण, तिथेही हेच.

---

हिशोबनीस

७० हजार तोडायला सांगितलेत ते बरोबर. मी ८५ म्हटलं असतं, दोन टायर, अलाइनमेंट आणि गिअरबॉक्स ऑइल धरून. हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा) उतरलंय का आरसीवर? विमा ट्रान्सफर करताना नो क्लेम बोनस मालकाचा राहतो, गाडीबरोबर येत नाही, तो हप्त्यात धरा.

---

उसाचं_पाचट

हायपोथिकेशन आहे अजून. बँकेचं कर्ज फिटलंय म्हणतो, पण एनओसी मिळालेली नाही. ती हातात आल्याशिवाय टोकनच्या वर एक रुपया देणार नाही. ईजीआरचं वर्कशॉपकडून लेखी आलं, काम आधीच झालंय.

@नटबोल्ट, कोल्हापुरात झेडएफचं ऑइल तापमान बघून भरणारं कोणी माहीत आहे का, की त्यासाठी पुण्यालाच?

---

नटबोल्ट

कोल्हापुरात आहेत एक-दोघे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आधी फोन करून विचारा, स्कॅनर लावून भरता का. 'हो' म्हणायला वेळ लावला तर पुण्यालाच जा, नाहीतरी दर आठवड्याला जाताय.

---

कंदी_पेढा

आबांची इनोव्हा विकणार असाल तर सांगा.